आज्जीच्या पेटीत एकच बुगडी गावली, आणि पुढ्यात 'रेट्रो' लग्न

टिळकवाडीची_लेक (धागाकर्ती)

मंडळी, मदत पाहिजे.

मावसबहिणीचं लग्न डिसेंबरात आहे आणि संगीताला थीम ठेवलीय 'रेट्रो'. म्हणजे पन्नास-साठच्या दशकासारखं नटूनथटून यायचं. भाड्यानं कपडे देणाऱ्या एका दुकानात आईला घेऊन गेले. ठिपक्याठिपक्यांची साडी, केसांत माळायला प्लास्टिकचा गुलाब, पांढऱ्या काड्यांचा गॉगल, आणि 'मोत्यांचा' म्हणून एक हार, ज्याचे मणी तिथल्या तिथं सोलत होते. एका रात्रीचं भाडं ऐकून आई दुकानदारासमोरच म्हणाली, "एवढ्यात नवी साडी येते की." तिथनं सरळ घरी.

घरी आल्यावर आईनं आज्जीची (तिच्या सासूची) पत्र्याची पेटी काढली. दरवर्षी दसरा झाला की ती पेटी उघडून वारं द्यायचं हा आमच्याकडचा रिवाज, पण आज्जी गेल्यापासून दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता. आत निघालं ते असं: एक काळी साडी, अंगभर पांढऱ्या-लाल दोऱ्याचं बारीक भरतकाम असलेली. एक हिरवं इरकल लुगडं. एक बोरमाळ. तुटलेली तन्मणी, तिचे मोती रुमालात बांधलेले. मांजरीच्या डोळ्यांसारख्या वर खेचलेल्या कोपऱ्यांचा काळा गॉगल. मोडी लिपीतला एक कागद. आणि कानाच्या वरच्या पाळीत घालायची बुगडी, खरं एकच. जोडीतली दुसरी नाही.

शिवाय एक फोटो, नागमोडी कातरलेल्या कडांचा. आज्जी बेळगावच्या कॅम्पात, लष्करी वस्तीत, कुठंतरी उभी आहे, फुग्याच्या बाह्यांचा ब्लाऊज, पांढरी जॉर्जेट, डोळ्यांवर तोच गॉगल, खांद्यावर पदराला ब्रोच, आणि एक हात मोटारीच्या बॉनेटवर. मोटार आमची नव्हे हे सांगायला नको.

प्रश्न तीन. यातलं संगीताला काय घालू? काका म्हणतात बोरमाळ मोडून हलक्या बांगड्या कर, करू का? आणि आमच्या शिंपीणबाई म्हणतात इरकलचा गाऊन मस्त होईल. फोटो खाली जोडलेत.

शहापूरकर

गाऊन?? त्या बाईंना कात्री हातात धरू देऊ नका.

मलप्रभाकाठी

मी खानापूरची. आमच्याकडच्या पावसात पेटीतल्या कपड्यांना काय होतं ते विचारूच नका, त्यामुळं जपणुकीचं आधी सांगते.

डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. मलमलीच्या किंवा जुन्या धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळा आणि दर वेळी घडी बदला. रेशीम घडीवरच चिरतं. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी मोडलेली साडी उलगडली की तिथं रेघ दिसते, तीच पुढं फाटते. ऊन दाखवायचं ते सावलीतलं. साडी नेसून झाल्यावर अत्तर-सेंट मारायचा नाही, मारायचा असेल तर आधी, अंगाला.

आता काळ्या साडीचं. ती चंद्रकळा असणार, आणि त्यावरचं भरतकाम कसुती. फोटोत मला गोपुर आणि तुळशीवृंदावन दिसलं. साडी उलटी करून बघा. हातच्या कसुतीत गाठ नसते. गवंती आणि मुरगी या टाक्यांत तर उलटसुलट दोन्ही बाजूंनी नक्षी सारखी दिसते, कारण दोरा धागे मोजत जातो आणि त्याच वाटेनं परत येऊन मोकळ्या जागा भरतो. नेयगी विणल्यासारखी दिसते आणि मेंथी म्हणजे फुलीचा टाका, या दोन्हींची मागची बाजू वेगळी असते. मशीनची असेल तर मागं दोऱ्यांचं जाळं दिसेल.

टिळकवाडीची_लेक

आत्ता बघितलं. मागं एकसुद्धा गाठ नाही! हत्तीचं शेपूटसुद्धा दोन्हीकडनं सारखं. आई म्हणते तिच्या सासूबाई संक्रांतीला हीच नेसायच्या, आणि तिला वाटायचं काळी म्हणून साधी.

मलप्रभाकाठी

साधी! धागे मोजून मोजून एका पदराला महिने जातात गे.

इरकलवेडी

इरकलबद्दल कुणी सांगितलं नाही म्हणून मी. बेळगावच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या इरकल नेसलं म्हणून ते बेळगावचं होत नाही हं. इलकल गाव बागलकोट जिल्ह्यातलं. आपल्याकडं शहापूर, वडगाव, खासबागेत माग होते, सुळेभावीत होते, त्यांची साडी वेगळी.

खरं इरकल ओळखायचं पदरावरनं. लाल रेशमी पदर, त्यात पांढऱ्या धाग्यानं काढलेले देवळाच्या शिखरासारखे दाते, त्याला 'टोपे-तेणी' म्हणतात. अंगाचा ताणा (उभे धागे) वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो, ते दोन्ही मागावर एकेक धागा फासात अडकवून जोडतात. या जोडाला 'कोंडी' म्हणतात. तुमच्या लुगड्याचा अंग-पदर जोड बोटानं चाचपून बघा, बारीक उंचवटा लागेल. लागला तर ते लुगडं कापणं म्हणजे पाप आहे. गाऊन कापताना सगळ्यात आधी कात्री पडणार ती तिथंच, कारण पदर गळ्याला लावायचा मोह सगळ्यांना होतो.

इरकलला भौगोलिक मानांकन (जीआय) २००७ पासून आहे, तरी यंत्रमागावरची छापील नक्कल 'इरकल' म्हणून खपतेच.

पुण्यात_पण_बेळगावची

इथं पुण्यात खणाच्या साड्या, खणाच्या पर्सा, खणाचे कानातले, खणाचा मास्कसुद्धा निघाला होता. आमच्या आईला हसू येतं. खण म्हणजे तिच्या लेखी चोळीचं कापड, त्रिकोणी घडी घालून ओटीत घालायचं, गुळेदगुड्डहून आलेलं. त्याची अख्खी साडी करून नेसणं म्हणजे तिला उशीच्या अभ्र्याचा कोट शिवल्यागत वाटतं.

मला आवडतात मात्र. दोन आहेत. आईला सांगू नका.

शहापूरकर

माझे आजोबा सोनार, वडील सोनार, मी बँकेत. तेव्हा बोरमाळेबद्दल जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

बोरमाळेचे मणी पोकळ असतात, पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेली. ती माळ हातात घेतली की जड वाटते म्हणून काकांना वाटत असेल बक्कळ सोनं आहे. मोड घालायला गेलात की सोनार लाख जाळणार, मग उरेल त्याचं वजन धरणार. घरातल्यांचे चेहरे तिथं बघण्यासारखे होतात.

दुसरं म्हणजे टंच, सोन्याची शुद्धता. जुन्या दागिन्यात जोडाजोडाला डाक (वितळवून सांधलेला जोड) दिलेला असतो, आणि डाकाचं सोनं हलकं असतं, नाहीतर ते आधी वितळलंच नसतं. म्हणून अख्खी माळ आटवली की कस उतरतो. हल्ली दुकानातल्या मशीनवर ठेवतात ते पृष्ठभाग वाचतं; डाकाच्या जागेवर एक आकडा, मण्याच्या पोटावर दुसरा. कुठल्या आकड्यावर भाव लावणार हे आधी विचारून घ्या. वर नव्या बांगड्यांची घडणावळ द्यायची ती वेगळीच.

तिसरं, माळ कधीची हे कळलं तर बरं. १९६३ ला सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला बंदी झाली. शुद्धतेची अट काही वर्षांनी उठली, पण १९६८ ला कायदाच झाला आणि तो १९९० पर्यंत होता. आमच्या आजोबांनी त्या काळात पितळेची समई घासून विकलीय, गिऱ्हाईक नाही म्हणून. सोनाराची मुलं बँकेत गेली ती उगीच नाही. त्या वर्षांतला दागिना निघाला तर कस कमी लागला म्हणून सोनाराला चोर म्हणू नका.

माझं मत विचाराल तर मोडू नका. बोरमाळ ही बांगडीपेक्षा दहापट उठून दिसते, आणि त्या पांढऱ्या जॉर्जेटवर तर काय विचारता.

निपाणीकर_अण्णा

शहापूरकरांचं सगळं बरोबर, खरं मोडू नका म्हणायला सोपं. आमच्या घरी तंबाखूचा व्यापार होता तेव्हा बायकांच्या अंगावर तोळ्यांनी सोनं होतं आणि व्यापार बसला तेव्हा तेच मोडून पोरं शिकली. दागिना हा अडीनडीचाच. कपाटात ठेवून पूजा करायला नव्हे. काकांना पैशाची गरज असेल तर इथल्या लोकांनी पुतळ्यासारखं उभं राहून 'वारसा वारसा' करू नये.

टिळकवाडीची_लेक

अण्णा, काकांना गरज नाही, काकूंना बांगड्या पाहिजेत :)

निपाणीकर_अण्णा

मग मोडू नका.

पटवेगाराची_सून

तन्मणीसाठी लिहिते. मोती रुमालात बांधून ठेवलेत ते चांगलं केलंत, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद केले की ते निस्तेज होतात. खरे की खोटे बघायचं तर एक मोती पुढच्या दातावर हलकेच घासा; खरा खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. साबण, टूथपेस्ट, लिंबू काही लावू नका, ओलसर मऊ फडक्यानं पुसायचं बस्स.

ओवायला सोनाराकडं देण्याआधी पटवेकऱ्याकडं, म्हणजे दागिने दोऱ्यात ओवणाऱ्याकडं, जा. शहापुरात अजून आहेत. रेशमी दोरा, आणि खोडाच्या (मधल्या पदकाच्या) दोन्ही बाजूला सर सारखे आलेत ना ते समोर बसून बघा. आमचे मामंजी सर ओवताना कुणाशी बोलत नसत, मोजणी चुकते म्हणून. गोंडा नवीन घालून मागा, जुना जीर्ण झाला असेल. नायलॉनवर ओवून देतो म्हणणाऱ्याकडनं उठून या. नायलॉन ताठ असतं, तन्मणी गळ्यावर पडत नाही, उभी राहते.

मोती सगळ्यात शेवटी घालायचे आणि सगळ्यात आधी काढायचे. पावडर-सेंट झाल्यावर.

अथणीवाला

साडी-दागिन्यांचं चाललंय, पायांकडं कुणाचं लक्ष नाही. आमच्या अथणीची चप्पल घाला. कोल्हापुरी म्हणून जी जगभर जाते त्यातली कितीतरी आमच्याकडची. मानांकन २०१९ ला मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून, आठ जिल्हे: तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. माणसांना जे जमलं नाही ते चपलेला जमलं.

आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं तसलीच चप्पल दाखवली तेव्हा आधी नाव घेतलं नव्हतं, आरडाओरडा झाल्यावर घेतलं. आमच्या गल्लीतला कारागीर म्हणाला, "त्यांच्या चपलेला आवाज येतोय का विचार."

कॅम्पातला_जुना

काय सुंदर फोटो आहे. मी कॅम्पात वाढलो, वय ७८. ही मोटार बघून मला सगळं आठवलं. पलटणीमुळं कॅम्पात तेव्हा मुंबई-पुण्याची फॅशन लवकर यायची. साहेबांच्या मडमा गेल्या तरी त्यांचे शिंपी इथंच होते. गॉगल घातलेली बाई रस्त्यानं गेली की आम्ही पोरं मागं मागं जायचो, सिनेमातली असेल म्हणून.

आणि नटण्यामुरडण्यात हा भाग काही मागं नव्हता. लीला चिटणीस मूळच्या धारवाडच्या. १९४१ ला लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी तीच. त्याच्याही आधी माझ्या आईच्या पिढीला फॅशन शिकवली ती एका पुरुषानं. बालगंधर्व स्टेजवर पदर कसा घेतात, नथ कशी घालतात, अंबाड्यात फूल कुठं खोचतात हे बघून घरोघरी बायका तसं करायच्या. आई म्हणायची, "बाईला बाई कसं दिसायचं ते त्यांनी दाखवलं." वडील नाटकाला न्यायचे नाहीत, साडीचा खर्च वाढतो म्हणून.

तुमच्या आज्जींच्या खांद्यावरचा ब्रोच मात्र वेगळाच आहे. तेव्हाचे ब्रोच मोर नाहीतर पान असायचे, इमिटेशनचे. हा गोल घोस आहे. फोटो मोठा करून टाकता का?

टिळकवाडीची_लेक

टाकला. स्कॅन करून आणलाय गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडनं.

सावळी_चिमणी

थांबा थांबा थांबा. मधे एक गडद खडा, भोवती मोती, खाली तीन बारके लोंबते. तुमच्या बुगडीचा फोटो परत बघा. मधे माणिक, भोवती मोती, खाली तीन बारके लोंबते.

तो ब्रोच म्हणजे तुमची दुसरी बुगडी आहे!!

मलप्रभाकाठी

आई गं. होय की.

पुण्यात_पण_बेळगावची

मला नाही पटत. एवढी जोडीतली बुगडी कोण मोडेल? पिवळ्या झालेल्या फोटोत काहीही दिसतं. कदाचित तशाच घडणीचा सुटा ब्रोच केला असेल.

शहापूरकर

बुगडीला मागं मळसूत्र असतं, ते कानाच्या वरच्या पाळीतून घालून फिरकीनं आवळतात. तेवढं कापून पिन जोडणं सोनाराला अर्ध्या तासाचं काम. शक्य आहे. खरं, पक्कं कसं सांगणार? त्या मोडी कागदात काय आहे ते कुणी वाचलं का?

मोडी_शिकतोय

मी वाचला, कालपासून दोनदा. सोनाराची पावती आहे. अक्षर गिचमिड आहे तरी एवढं खात्रीनं लागतं:

'मिती मार्गशीर्ष शुद्ध ५ शके १८७७. बुगडी नग १, वजन ४ मासे २ गुंजा. मळसूत्र कापून पीन बसविणे. मजुरी रुपये १-८-०.'

शके १८७७ चा मार्गशीर्ष म्हणजे डिसेंबर १९५५. मजुरी दीड रुपया, आण्यांत लिहिलेली. नवे पैसे १९५७ ला आले, तेव्हा तेही जुळतं. तोळ्याचे १२ मासे आणि माशाच्या ८ गुंजा, या हिशेबानं वजन आजच्या चार ग्रॅमच्या जरासं वर. घरी काटा असेल तर तुमच्याकडची बुगडी तोलून बघा. ती मळसूत्रासकट आहे, पण पावतीतलं वजनही कापण्याआधीचंच दिसतंय.

सोनाराचं नाव वाचता येतंय, पण ते इथं टाकत नाही.

टिळकवाडीची_लेक

माझ्या अंगावर काटा आलाय. किराणा दुकानातला काटा चालत नाही म्हणून ओळखीच्या सराफाकडं गेले. ४.२ ग्रॅम.

सावळी_चिमणी

🙂 मी काही बोलत नाही.

पुण्यात_पण_बेळगावची

बोल बोल. चुकले मी.

कॅम्पातला_जुना

१९५५ डिसेंबर! म्हणजे आपण अजून मुंबई राज्यात होतो. पुढच्या नोव्हेंबरात मैसूर राज्यात गेलो. बुगडी कानावरून खांद्यावर आली ती आधीच.

इरकलवेडी

मला एक कळत नाही. आपण इथं दोन दिवस 'मोडू नका, कापू नका, जसंच्या तसं ठेवा' म्हणून ओरडतोय, आणि ज्या बाईचे दागिने ते, तिनं विशीत जोडीतली एक बुगडी कापून फॅशनचा ब्रोच करून घेतला. लग्नात माहेरनं घातलेली बुगडी असणार. सासरी काय झालं असेल?

टिळकवाडीची_लेक

तेच विचारायला आत्याला फोन केला. आत्या खानापूरला असते, वय ६६. मी विचारलं, "आत्या, आज्जीच्या बुगडीचा ब्रोच केला होता का?" तर पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "ते बुगडीचं आहे होय? मी पन्नास वर्षं शालूला लावूलाल्ये, मला वाटलं साधी पिन आहे."

तिच्याकडं आहे!

तिनं सांगितलं ते असं. आज्जीचा थोरला भाऊ पलटणीत कारकून होता. तो मुंबईहून गॉगल घेऊन आला, आणि कुठल्यातरी साहेबाचा कॅमेरा दोन तासांसाठी. आज्जीला ब्रोच पाहिजे होता, भावाकडं त्याचे पैसे उरले नव्हते. आज्जीची डाव्या कानाची वरची भोकं पिकलेली होती, त्यामुळं ती तसंही एकाच कानात बुगडी घालत होती. मग तिनंच सोनाराला सांगितलं. पणजीला कळलं तेव्हा पणजी दोन दिवस जेवली नाही म्हणे. तिसऱ्या दिवशी आज्जीनं तोच ब्रोच पणजीच्या शालूला लावून तिला अंबाबाईच्या देवळात नेलं, आणि येताना पणजी म्हणाली, "बरा दिसतो."

दीड रुपया मजुरी कुणी दिली हे आत्यालाही माहीत नाही.

निपाणीकर_अण्णा

पणजी दोन दिवस उपाशी! आमच्याकडं घड्याळ मनगटाला बांधलं म्हणून माझ्या आत्याशी आजोबा वर्षभर बोलले नव्हते. एचएमटीचं होतं, बारकं, बायकी. अजून चालतंय, आजोबा गेले.

पटवेगाराची_सून

एका कानाची बुगडी आता कशी घालणार तुम्ही? तुमचा कान वर टोचलेला आहे का?

टिळकवाडीची_लेक

नाही. आईचा आहे, पण बुजलाय. शहापूरकर, आमच्या सराफानं सांगितलं की ब्रोचची पिन काढून परत मळसूत्र बसवून जोड करून देतो, नवीन बुगडीसारखी. करू का?

शहापूरकर

माझे वडील असते तर म्हणाले असते, सोनाराला काम मिळतंय तर नाही म्हणू नये. मी म्हणतो नको. ती पिन आज्जींनी बसवलीय. १९५५ चा तो डाक हाच तुमच्याकडचा सगळ्यात भारी दागिना आहे. बुगडीला पाहिजे तर चापाची कडी करून घ्या, कान न टोचता घालायला. मळसूत्राला हात न लावता वरून अडकवता येते.

पुण्यात_पण_बेळगावची

मग नक्की काय घालणार संगीताला? एवढं सगळं झालं, मूळ प्रश्न राहिलाच.

माझं ऐका, सगळं एकदम घालू नका. जुन्या फोटोंत बघा, बायका एकच ठळक गोष्ट करायच्या. नऊवारी आणि ठुशी-साज-बोरमाळ-मोहनमाळ असा गळाभर हा लग्नाचा थाट. फिरायला निघालेल्या बाईचा थाट वेगळा. तुमच्या आज्जीनं गळ्यात काय घातलंय? मंगळसूत्राशिवाय काही नाही. म्हणून तर नजर खांद्याकडं जाते.

सावळी_चिमणी

+१. गॉगल-ब्रोच एवढंच. चंद्रकळा संक्रांतीला, बोरमाळ वरातीला. आणि केसांना गंगावन लावून मोठा अंबाडा, स्प्रे मारून पक्ष्याचं घरटं करू नका.

गॉगलच्या काचा बदलून घ्या हं, जुन्या काचेला ओरखडे असतात, रात्री काही दिसणार नाही. चौकट जुनी आहे, ठिसूळ झाली असेल, तेव्हा गरम करून वाकवणाऱ्याच्या हातात देऊ नका.

टिळकवाडीची_लेक

संगीत झालं. उशिरा लिहितेय, लग्नानंतर दोन आठवडे नुसती झोपले.

पांढरी जॉर्जेट आईच्या मैत्रिणीकडनं आणली. फुग्याच्या बाह्यांचा ब्लाऊज त्याच शिंपीणबाईंनी शिवला. गाऊन नाही म्हटल्यावर रागावल्या होत्या, पण बाह्या झकास आल्या. आत्या आदल्या दिवशी आली, ब्रोच पावडरच्या जुन्या डबीत कापसात ठेवून. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा कळलं की ब्रोचचे दोन मोती गेलेत आणि माणिक झिजलंय, बुगडीचं मात्र तसंच लखलखीत. पन्नास वर्षं वापरलेली आणि पन्नास वर्षं पेटीत ठेवलेली, दोन बहिणींसारख्या. आत्यानं तो स्वतःच्या हातानं माझ्या पदराला लावला आणि पिनची टाचणी बोटात घुसवून घेतली. साडीवर रक्ताचा एक ठिपका पडला, थुंकी लावून काढला, आज्जी असंच करायची म्हणे.

बुगडी आईनं घातली, चापाची कडी लावून, उजव्या कानात एकच. तीन बायकांनी विचारलं दुसरी हरवली का. आई म्हणाली, "नाही, पोरीच्या खांद्यावर आहे."

तन्मणी ओवून आली, शहापुरातल्या म्हाताऱ्या पटवेकऱ्यानं समोर बसवून ओवली आणि सगळा वेळ एक शब्द बोलले नाहीत. ती काकूंनी घातली. बांगड्यांचा विषय निघाला नाही परत.

अथणीवाले, चप्पल घेतली. कर्र कर्र आवाज इतका, की स्टेजवर जाताना डीजेनं गाणं कमी केलं.

अथणीवाला

एरंडेल लावू नका लगेच. आवाज जाईल.

कॅम्पातला_जुना

फोटो टाका की.

टिळकवाडीची_लेक

माझा चेहरा इथं टाकायचा नाही असं आत्यानं बजावलंय. खरं, काढलाय, हॉलच्या बाहेर, गॉगल लावून, मोटारीच्या बॉनेटवर हात ठेवून. मोटार याही वेळी आमची नव्हती, मालक आल्यावर पळालो.